पुस्तक नक्की कुणाचं?

कादंबरी घ्यायची असली की आपण दहा जणांना विचारतो, परीक्षणं वाचतो, दुकानात उभं राहून चार पानं चाळतो. पण ज्या पुस्तकाबरोबर सहा महिने, कधी कधी चार वर्षं काढायची, ते कॉलेजचं पाठ्यपुस्तक मात्र 'सिनिअर म्हणाला म्हणून' घेऊन मोकळे होतो. गंमतच आहे, नाही का?

हे सगळं डोक्यात यायला कारण माझी भाची. तिला पुण्यात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. ताई डबे करते, दाजींची रिक्षा आहे. फी भरून झाल्यावर पुस्तकांची यादी आली आणि भाचीने विचारलं, "मामा, ई-बुक घेतली तर निम्म्या पैशांत भागतंय. घेऊ का?"

निम्मे पैसे म्हणजे त्या घरात लहान रक्कम नाही. तरी मी तिला तीन प्रश्न विचारले.

पहिला, वाचणार कशावर? लॅपटॉप अजून घ्यायचाय, म्हणजे मोबाईलवरच. आता बोटभर पडद्यावर इंटिग्रेशनचं दोन पानी उदाहरण वाचायचं म्हणजे खालची ओळ बघेपर्यंत वरची डोळ्यांआड! हा काही केवळ माझ्यासारख्या जुन्या माणसाचा हट्ट नव्हे. कागद आणि पडदा यांवरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी वाचकांची संख्या होती एक लाख सत्तर हजारांच्या वर. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो. नुसत्या गोष्टी वाचण्यात मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी खुशाल मोबाईलवर वाचा. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं काय ते तुम्हीच ठरवा :)

दुसरा प्रश्न, ते पुस्तक तुझ्याकडे किती दिवस राहणार? तिने नीट वाचून सांगितलं, सहा महिने. मग आपोआप बंद. बरीचशी ई-बुक आपण विकत घेतो असं वाटतं खरं, पण आपल्याला मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉनने ऑर्वेलच्या '१९८४' ची एक आवृत्ती, विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून, लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यात केलेली टिपणं मूळ पुस्तकच गेल्यामुळे निरुपयोगी झाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही बंद झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पुस्तकं नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुझं झाल्यावर ते कुणाला देता येईल? तिचा धाकटा भाऊ अकरावीत आहे. उद्या तोही याच वाटेने गेला तर?

माझं स्वतःचं इंजिनियरिंग अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांवर झालं. बी. एस. ग्रेवाल यांचं गणिताचं जाडजूड पुस्तक मला मिळालं तेव्हा ते निदान दोघांच्या हातून गेलेलं होतं. एकाने पेन्सिलीने कठीण पायऱ्या सोडवून ठेवल्या होत्या, दुसऱ्याने जागोजागी 'हे येतंच!' असं लिहून ठेवलं होतं. त्या अनोळखी सिनिअरांनी मला किती मार्क मिळवून दिले याचा हिशोब नाही. परवान्यावरच्या पुस्तकात ही साखळीच तुटते. शेवटी मूळ किंमत काय होती यापेक्षा ते किती जणांना पुरलं, यावर त्याची महागाई ठरते असं मला वाटतं.

अर्थात कागदाचं प्रत्येक पुस्तक साठवण्यासारखं नसतं. पुणे विद्यापीठात २०१५ चा पॅटर्न आला, मग २०१९ चा, मग २०२४ चा. पॅटर्न बदलला की त्या पॅटर्नपुरतं लिहिलेलं पुस्तक रद्दीत. इंटिग्रेशन मात्र पॅटर्न बघून बदलत नाही. क्रेझिगचं पुस्तक १९६२ पासून चालू आहे, ते उगाच नव्हे.

आणि पडद्यावरचं सगळंच परवान्याचं असतं असंही नाही. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' प्रकल्पाची भौतिकशास्त्राची पुस्तकं फुकट आणि कायदेशीररीत्या उतरवून घेता येतात, आपल्याकडे कायमची राहतात, हव्या त्या मित्राला पाठवता येतात. शोधायला सोपी, अक्षर मोठं करता येतं, आणि दृष्टी अधू असणाऱ्यांना तर ऐकताही येतात. कागद हे कुठून करणार?

तेव्हा आमचं ठरलं ते असं. गणित कागदावर, जुन्या बाजारातून. फिजिक्स ओपनस्टॅक्सचं, मोबाईलवर आणि लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर. पॅटर्नपुरती पुस्तकं कॉलेजच्या बुक बँकेतून, किंवा तिघी मैत्रिणींत मिळून एक. सहा महिन्यांनी बंद होणारं एकही नाही. हिशोब केला तर खर्च ई-बुकांच्या पॅकेजपेक्षा थोडा कमीच आला, आणि ग्रेवाल धाकट्यासाठी राहणार.

हे गणित प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. ज्याच्याकडे टॅब्लेट आहे, जो रोज लोकलमध्ये उभ्याने दोन तास काढतो, त्याचं उत्तर वेगळं येईल. पण 'हे कशावर वाचणार, किती दिवस राहणार, पुढे कुणाला देता येणार' हे प्रश्न मात्र पैसे देण्याआधी विचारावेत.

असो. तुमच्या माळ्यावर इंजिनियरिंगची किंवा सायन्सची पुस्तकं पडून असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा. आणि हो, पेन्सिलीच्या खुणा खोडू नका.