अबोला

'अबोला' हा मराठीतला एक मोठा मजेदार शब्द आहे. अबोला धरायचा असतो आणि मग सोडायचा असतो; जणू एखादे व्रतच! मौन वेगळे. मौन माणूस एकटा पाळू शकतो. अबोल्याला समोर दुसरे माणूस लागते, आणि तेही बहुधा आपलेच लागते. परक्याशी कोणी अबोला धरीत नाही. इंग्रजीला एवढ्यासाठी दोन-तीन शब्द एकापुढे एक जोडावे लागतात. आणि तरीही अबोल्यावरच्या सर्वांत चांगल्या कविता मी वाचल्या त्या इंग्रजीतच, टॉमस हार्डीच्या.

मी शिकवते मराठी. पण विलापिका शिकवायची म्हटली की इंग्रजीच्या घरात थोडे डोकावावेच लागते. कादंबरीकार हार्डी आपल्याकडे ओळखीचा आहे. 'टेस' कित्येकांनी कॉलेजात वाचलेली असते. कवी हार्डीकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

हकिगत अशी. हार्डी हा गवंड्याचा मुलगा. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेला. १८७० च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलियट या खेड्यातल्या मोडकळीला आलेल्या चर्चची पाहणी करायला तो गेला, आणि तिथल्या पाद्र्याची मेहुणी एमा गिफर्ड त्याला भेटली. समुद्रकाठच्या कड्यांवरून घोडा फेकीत जाणारी धीट मुलगी! दोघेही एकोणतीस वर्षांची. चार वर्षांनी लग्न झाले. इमारती सोडून लेखणी धर, असा धीर त्याला तिने दिला. त्याच्या हस्तलिखितांच्या नकलाही करून दिल्या. पुढे नाव झाले, पैसा आला, डॉर्चेस्टरजवळ 'मॅक्स गेट' हे घर झाले. मूल झाले नाही. कधी बिनसले, कोण जाणे! १८९५ साली 'ज्यूड' ही कादंबरी आली आणि तिच्यातले लग्नाविषयीचे आणि धर्माविषयीचे कडवट विचार एमाला सोसले नाहीत, एवढे खरे. शतक संपता संपता ती घराच्या माळ्यावरच्या खोल्यांत राहू लागली. घर एक आणि बिऱ्हाडे दोन.

२७ नोव्हेंबर १९१२ रोजी एमा गेली. नुकतीच तिला बहात्तर वर्षे पूर्ण झाली होती. एके दिवशी ती अचानक पियानोपाशी बसली होती, आवडीच्या जुन्या चाली एकामागून एक वाजवल्या होत्या आणि आता पुन्हा वाजवणार नाही, असे म्हणाली होती. ती गेल्यावर हार्डीला तिच्या वह्या सापडल्या. एकीत नवऱ्याविषयीची तिची मते होती. ती त्याने जाळली. दुसरीत तिच्या तरुणपणच्या आठवणी होत्या. १९१३ च्या मार्चमध्ये हा म्हातारा पुन्हा कॉर्नवॉलला गेला, तेच कडे, तीच वाट पाहून आला. या दिवसांतल्या कविता त्याच्या १९१४ च्या संग्रहात '१९१२-१३ च्या कविता' म्हणून एकत्र आल्या. आधी अठरा होत्या, पुढे एकवीस झाल्या.

हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे ढोंगच झालं की! जिवंतपणी विचारलं नाही, आणि मेल्यावर कविता!"

वर्ग हसला. मलाही हसू आले. पण ढोंगी माणूस मेलेल्या बायकोची देवी करतो. आपल्या कालिदासाचा अज आठवा. इंदुमती गेल्यावर तो म्हणतो की, माझ्या हातून अपराध झाला तरी तू मला कधी झिडकारले नाहीस. किती सुखाचा संसार, आणि किती सोपा शोक! हार्डीपाशी असे सांगायला काही नव्हते. तो चक्क तक्रार करतो. निरोप न घेता गेलीस कशी, असे विचारतो. आपण वेळेवर बोललो का नाही, असेही विचारतो. मेलेल्या बायकोशी तो भांडतोच आहे. अबोला सुटला, पण ऐकायला कोणी उरले नाही तेव्हा! मला या कविता आधुनिक वाटतात त्या यासाठी. तो रडतो ते एकोणतीस वर्षांच्या एमासाठी, माळ्यावरच्या म्हातारीसाठी नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण मधल्या काळात आपण दोघे बदललो, हेही तो लपवीत नाही.

'द व्हॉइस' या कवितेत त्याला तिची हाक ऐकू येते. की नुसता वारा आहे? पहिली तीन कडवी झोपाळ्यासारखी हलतात. चौथ्यात ओळी एकदम आखूड होतात, लय ठेचाळते. इतकी वर्षे मात्रा मोजण्यात घालवलेल्या माझे बोट तिथे दर वेळी थांबते.

आमच्या घरीही अबोला असे. "दादांना सांग, चहा झालाय," असे आई माझ्याकडे बघून म्हणायची, आणि दादा हातभर अंतरावर पेपर वाचीत असायचे. कारणे काय, तर ओला टॉवेल! दादा तो खुर्चीवर टाकायचे. एकदा यावरून अकरा दिवस गेले. मी आणि धाकटा भाऊ निरोप पोचवून थकलो. आई २०१९ साली गेली. तेव्हापासून दादा रोज सकाळी टॉवेल झटकून दोरीवर वाळत घालतात, चारही कोपरे ओढून. त्यावर ते कधी बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

गेल्या दिवाळीत त्यांना मी हार्डीची ही सारी गोष्ट सांगितली. त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरचेही सांगितले; एमा भेटली ती तारीख, सोमवार ७ मार्च, त्याने त्यावर तशीच ठेवली होती. दादांनी चष्मा काढून पुसला.

"आणि त्यानं मग दुसरं लग्न केलं नाही?"

"केलं ना. १९१४ च्या फेब्रुवारीत. फ्लॉरेन्स नावाची, त्याच्याहून खूप लहान. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या कविता छापून आल्या."

"तिनं वाचल्या?"

"वाचल्या. फार लागल्या तिला."

"लागणारच," दादा म्हणाले. "घरात ती होती."

१९२८ साली हार्डी गेला तेव्हा त्याची रक्षा मोठ्या मानाने वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवली गेली आणि हृदय मात्र स्टिन्सफर्डच्या चर्चच्या आवारात एमाच्या थडग्यात पुरले, हेही मी सांगितले. दादांना ते काही पटले नाही. माणसाचे असे दोन ठिकाणी करू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. मग जरा वेळाने त्यांनी विचारले, "आणि ती दुसरी? तिचं पुढे काय झालं?"

"ती १९३७ साली गेली. तीही तिथेच आहे, त्या दोघांपाशी."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि चहा झाला का म्हणून स्वयंपाकघराकडे बघून स्वतःच हाक मारली.