मागच्या फाटकाची किल्ली

गतवर्षी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी मुडबीस गेलो होतो. बिदर जिल्ह्यातील हे सीमेवरचे गाव. कानडी व मराठी या दोन्ही भाषा तेथे शेजारी शेजारी नांदतात. रात्री मोकळ्या पटांगणात भजन होते. पाहुणा म्हणून मला पुढे खुर्ची मिळाली. परंतु गाणे ऐकता ऐकता माझे लक्ष गायकांवरून श्रोत्यांकडे वळले.

दुरून एकच वाटणारी ती गर्दी जवळून पाहता निरनिराळ्या माणसांची होती. मुले पुढे दाटीने बसलेली. लेकुरवाळ्या स्त्रिया गल्लीच्या तोंडाशी, मूल रडले तर चटकन उठता यावे म्हणून. वृद्ध भिंतीला पाठ टेकून. तरुण मात्र कडेने सारखे फिरत. कानडी वचन सुरू झाले की एक बाजू पुढे सरके, मराठी अभंग सुरू झाला की दुसरी. उशिरा येणारे मागून रेटीत, आणि पुढे जागा उरली नाही हे त्यांना दिसत नसे.

इतक्यात पावसाची सर आली. बाहेर पडण्यास ती एकच गल्ली. सारे तिकडे धावले आणि माझ्यापुढे एक आजी पायरीवर पडल्या. मागच्यांना त्या दिसल्या नाहीत. ते रेटीतच होते. दोन तरुणांनी हात आडवे धरून लोट थोपविला, म्हणून आजींचे खरचटण्यावर निभावले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात खुल्या रंगमंचावर संगीताचा कार्यक्रम होता. पाऊस येताच बाहेर थांबलेले लोक आत घुसले. उतरत्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चौघांचे प्राण गेले. जर्मनीतील डुइसबुर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी अशाच संगीतोत्सवात २१ जण मरण पावले. तेथे येणारे व जाणारे एकाच उतारावर समोरासमोर आले होते.

अशा वेळी ‘लोक बेभान झाले’ असे आपण सहज म्हणतो. अभ्यासक निराळे सांगतात. एका चौरस मीटरात दोन-तीन माणसे असली तर प्रत्येकाला आपले पाऊल आपल्या मर्जीने टाकता येते. तीच संख्या सहा-सातवर गेली की मर्जी उरत नाही. पाण्याची लाट यावी तसा सारा समुदाय हेलकावतो. मग माणूस पायांखाली तुडवला न जाताही, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतो. त्या लाटेत उंचीने लहान व अंगाने दुबळे यांचे हाल अधिक. म्हणून किती आले एवढे मोजून भागत नाही. कोण आले, कोठे बसले आणि कोणत्या वाटेने जातील, हेही पाहावे लागते.

हे सारे मी इतरांना सांगणार, तोच मला आमचे पटांगण आठवले. सणाच्या रात्री तेथेही गाणी होतात. मागच्या बाजूस एक फाटक आहे. गुरे शिरतात म्हणून ते कित्येक वर्षे कुलूपबंद होते. त्याची किल्ली माझ्याच खणात पडून होती.

परत आल्यावर पहिले काम केले ते कुलूप काढण्याचे. यंदा सणाच्या रात्री वृद्धांच्या व लेकुरवाळ्यांच्या खुर्च्या त्या फाटकापाशी मांडल्या होत्या. आणि गुरांचे म्हणाल, तर दारात एक स्वयंसेवक काठी घेऊन बसविला होता!