मलपृष्ठावरची चौकट

नवे पुस्तक हाती आले की ते पहिल्या प्रकरणापासून उघडायचे नाही, आधी श्रेयपृष्ठ वाचायचे, असा एम. ए.च्या वर्गात माझा जुना दंडक आहे. प्रकाशक कोण, मुद्रक कोण, पत्ता कुठला, आवृत्ती कितवी, हक्क कोणाकडे, हे सारे त्या एका पानावर दाटीवाटीने बसलेले असते. विद्यार्थ्यांना ते पान रुक्ष वाटते. पण १८६७ साली ब्रिटिश सरकारने छापील पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण घालणे बंधनकारक केले, तेव्हा छापलेल्या शब्दामागे कोण उभे आहे हे कळावे असाही त्यामागे हेतू होता. नाव आणि पत्ता छापणे म्हणजे जाब देण्याची तयारी दाखवणे. साहित्याच्या अभ्यासकाने हे विसरू नये, एवढाच त्या दंडकाचा अर्थ.

जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली अशा मजकुरावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा संहितेच्या अवतीभवतीच्या सगळ्या गोष्टींचा त्यात विचार आहे आणि ग्रंथाच्या फ्रेंच नावाचा अर्थ आहे ‘उंबरठे’. आज मला ज्या छापील वस्तूविषयी लिहायचे आहे ती अक्षरशः उंबरठ्यावर दिली-घेतली जाते. साहित्यात तिची गणना होत नाही, होण्याचे कारणही नाही. ती म्हणजे घरोघर माल विकणाऱ्या कंपन्यांचा कॅटलॉग. त्याच्या मलपृष्ठावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक कोरी चौकट असते. कंपनीने सगळी पाने रंगवून छापलेली असतात. तेवढी एक जागा मात्र विकणाऱ्या व्यक्तीने आपले नाव आणि संपर्क लिहावा म्हणून मोकळी ठेवलेली असते. एकाच छापील वस्तूच्या हजारो प्रती निघतात आणि ज्याच्या-त्याच्या हातात गेल्यावर प्रत्येक गठ्ठ्याला वेगळी मालकीण मिळते. छपाईच्या इतिहासात हा प्रकार मला फार लक्षणीय वाटतो.

या धंद्याचे मूळही पुस्तकविक्रीतच आहे. डेव्हिड मॅकॉनेल हा अमेरिकेत दारोदार पुस्तके विकणारा माणूस. पुस्तकांबरोबर तो सुगंधी द्रव्याची छोटी कुपी भेट देई. गिऱ्हाइकांना पुस्तकांपेक्षा कुपीच अधिक आवडते, हे त्याच्या ध्यानात आले आणि १८८६ साली त्याने अत्तरांचा व्यवसाय सुरू केला. त्याची पहिली विक्रेती न्यू हॅम्पशायरमधली. कंपनीच्या इतिहासात ती ‘मिसेस पी. एफ. ई. अल्बी’ या नावाने नोंदली गेली आहे. पर्सिस फॉस्टर ईम्स ही त्यातली तीन आद्याक्षरे तिची स्वतःची, आडनाव नवऱ्याचे. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला तेव्हा अजून ३४ वर्षे होती. पुढे १९३९ मध्ये या कंपनीने आपले नाव बदलून ‘एव्हॉन’ केले. शेक्सपिअरच्या गावातून वाहणाऱ्या नदीचे हे नाव. ज्या व्यवसायात पुस्तके मागे पडून अत्तर पुढे आले, त्याने अखेर नाव मात्र एका नाटककाराच्या नदीचे घ्यावे, ही नियतीची गंमत म्हणायची.

आपल्याकडे उंबरठ्यावरची विक्री नवी नव्हती. बोहारीण येई, कासार येई, आणि यांतल्या कोणाचाही पत्ता कोणी कधी विचारला नाही. ठरलेला वार आणि बोळातून येणारी ठरलेली हाळी हीच त्यांची ओळख. ओळख अशी देहाला आणि आवाजाला चिकटलेली असताना कागदाची गरज पडत नाही. १९९० नंतरच्या दशकात ओरिफ्लेम, एव्हॉन, टपरवेअर, ॲमवे या कंपन्या भारतात आल्या आणि मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रिया या व्यवसायात उतरल्या, तेव्हा चित्र बदलले. ही विक्रेती हाळी देत नव्हती. ती स्वतः जाण्याआधी तिचा कॅटलॉग पुढे जाई: भिशीत, शाळेच्या शिक्षकखोलीत, सोसायटीच्या जिन्यात. वाचणाऱ्या बाईला विक्रेती दिसत नसे. म्हणून ती चौकट महत्त्वाची झाली.

माझ्या थोरल्या वहिनींनी २००३ च्या सुमारास अशा एका कंपनीचे काम घेतले. कंपनीचे नाव इथे अप्रस्तुत आहे. कॅटलॉग फुकट मिळत नसत. ते विक्रेतीने विकत घ्यायचे. त्यामुळे वहिनी मोजक्या प्रती घेत आणि एकेक प्रत पाच-सहा घरांत फिरवीत. एवढ्या घरांतून फिरलेली प्रत परत यायला हवी आणि ऑर्डरही आपल्याकडेच यायला हवी. नाहीतर कमिशन राहिले बाजूला, कॅटलॉगचेच पैसे अंगावर. म्हणजे त्या चौकटीत काय लिहिले आहे यावर त्यांचा महिन्याचा हिशेब अवलंबून होता.

लिहिणेही सोपे नव्हते. कॅटलॉगचा कागद गुळगुळीत, चकचकीत. पहिल्यांदा त्यांनी रबरी शिक्का करून आणला. पण स्टॅम्प पॅडची शाई त्या कागदात मुरेना, बोट लागताच फासली जाई आणि दूरध्वनीच्या आकड्यांतला तीन आठासारखा दिसे. बॉलपेन घसरे. शेवटी त्यांनी चिकटपट्टीची छापील लेबले करून घेतली. एक मलपृष्ठावर, आणि मलपृष्ठ फाटते म्हणून दुसरे आत, ऑर्डर फॉर्मच्या शेजारी. तेही असे की कुठल्याही वस्तूचा क्रमांक किंवा किंमत झाकली जाऊ नये. संपादनकलेचे याहून चांगले धडे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत.

लेबलावरचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. “भाऊजी, तुम्ही मराठीचे मास्तर. चार ओळी नीट बसवून द्या,” एवढेच त्या म्हणाल्या. चार ओळी, पण पहिल्याच ओळीवर आम्ही एक संध्याकाळ घालवली. ‘सौ.’ लावायचे की नाही? मध्ये दादाचे नाव घालायचे की नाही? आडनाव कोणते? गल्लीतल्या बायका त्यांना आमच्या आडनावाने ओळखत. शाळेतल्या मैत्रिणी माहेरच्या. लग्नात त्यांचे नावही बदलले होते, त्यामुळे मैत्रिणींना नवे नाव सांगून उपयोग नव्हता आणि शेजारणींना जुने. मी चार मसुदे लिहून दिले. वहिनींनी ते बराच वेळ पाहिले आणि माहेरचे पहिले नाव व सासरचे आडनाव अशी जोडणी निवडली. रेशनकार्डावर, मतदारयादीत, लग्नपत्रिकेत, कुठेच त्या नावाची स्त्री नव्हती. ती फक्त त्या लेबलावर होती.

मराठीच्या विद्यार्थ्याला इथे नाममुद्रा आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या संतकवींनी अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफले. जनाबाई ते गुंफताना स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते. तिच्या नावाबरोबर एक नाते आपोआप येते. याउलट जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या असंख्य स्त्रियांनी भाऊ, लेक, माहेर, पंढरी सगळ्यांची नावे घेतली. ओवी कोणाची हे मात्र सहसा सांगितले नाही. स्त्रीने आपले नाव कुठे, कोणत्या नात्यासह आणि कोणासाठी लिहावे, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाला नवा नाही. त्यासाठी अभंगाचीच जागा लागते असेही नाही. लिपस्टिकच्या आणि डब्यांच्या चित्रांखालची दोन इंचांची चौकट पुरते. मी ही तुलना थट्टेने करत नाही. अभंगाचे आणि कॅटलॉगचे मूल्य एक नव्हे; पण नाव लिहिणाऱ्या हाताची धाकधूक एक असू शकते.

लेबलावर पुढच्या तीन ओळींत घराचा पत्ता, घरचा दूरध्वनी आणि ‘दुपारी २ ते ५’ ही वेळ होती. वर्षभर सारे सुरळीत चालले. मग एक प्रत कोणाकडून तरी एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात राहिली. आठवड्याभराने रात्री साडेदहाला फोन वाजला. वडिलांनी उचलला. पलीकडच्या पुरुषाने वहिनींना त्या लेबलावरच्या नावाने विचारले. त्यांनी फोन घेतल्यावर आधी कुठल्याशा वस्तूची किंमत विचारली आणि मग किमतीचा विषय सोडून भलतेच बोलू लागला. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. त्याच्याकडे नाव होते, घर क्रमांक होता, वहिनी घरात केव्हा असतात याची वेळही होती. हे सारे आम्हीच छापून दिलेले.

घरातला निकाल अपेक्षित होता: हे काम बंद. वडील रागाने नव्हे, काळजीने बोलत होते. दादाने तोडगा काढला की लेबलावर त्याचे नाव घालावे. पुरुषाचे नाव पाहून असले फोन येणार नाहीत. वहिनींनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “नाव माझंच राहील. घर काढा.”

त्या वाक्याचा विचार मी पुढे कितीतरी वेळा केला आहे. नाव आणि घर या दोन गोष्टी आपण एकत्रच धरतो. ‘नाव-पत्ता’ हा आपल्या भाषेत जवळजवळ एकच शब्द आहे. वहिनींनी तो मधोमध कापला. नव्या लेबलावर पत्ता नव्हता, घरचा दूरध्वनी नव्हता, वेळही नव्हती. नाव होते आणि केवळ या कामासाठी घेतलेल्या मोबाइलचा क्रमांक होता. रात्री आठनंतर तो मोबाइल बंद होई. पत्ता गिऱ्हाइकाला मिळे, पण ऑर्डर दिल्यानंतर, पावतीवर, वहिनींच्या हस्ताक्षरात.

पुढे कायद्यानेही या व्यवहाराची दखल घेतली. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय विक्रेत्याने कोणाच्या दारी जाऊ नये, बोलण्याच्या आरंभीच आपली आणि कंपनीची खरी ओळख द्यावी, ऑर्डर फॉर्मवर विक्रेत्याचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि संपर्क असावा, असे ते सांगतात. साखळी योजनांच्या नावाखाली या क्षेत्रात झालेली फसवणूक पाहता हे योग्यच आहे. जो विकतो त्याने निनावी राहू नये. पण नियम ऑर्डर फॉर्मविषयी बोलतात, आणि ऑर्डर फॉर्म व कॅटलॉग यांत मोठा फरक आहे. फॉर्म जातो त्याच्याकडे, ज्याने व्यवहार केला आहे. कॅटलॉग जातो कोणाकडेही. पहिल्या ठिकाणी पूर्ण पत्ता देणे ही जबाबदारी आहे. दुसऱ्या ठिकाणी तो देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती आपले दार सोपवणे आहे. कायद्याच्या भाषेत हा भेद येण्याच्या कितीतरी आधी तो एका गृहिणीने चिकटपट्टीवर करून ठेवला होता.

कंपन्यांची गोष्ट आणखी निराळी. त्या चौकटीवर त्यांचा मनापासून कधीच जीव नव्हता, असे मला वाटते. गिऱ्हाईक कोणाचे, कंपनीचे की बाईचे, हा प्रश्न त्या कोऱ्या जागेत लपलेला होता. शेजारीच कंपनीचा स्वतःचा ग्राहकसेवा क्रमांक ठळक छापलेला असे. मग संकेतस्थळे आली, कॅटलॉग व्हॉट्सॲपवरून पीडीएफच्या रूपात फिरू लागले, चौकटीच्या जागी विक्रेतीच्या क्रमांकाशी जोडलेली लिंक आली. सोय झाली, आणि रात्रीचे फोन कदाचित कमीही झाले असतील. पण लिंकमध्ये असतो तो सांकेतिक क्रमांक. नाव कोणाचे हे वाचणाऱ्याला दिसेलच असे नाही. २०२४ साली एव्हॉनच्या अमेरिकी कंपनीने ऑगस्टमध्ये आणि टपरवेअरने सप्टेंबरमध्ये तिथल्या न्यायालयात दिवाळखोरीचे अर्ज केले. त्या बातम्यांत कर्जाचे आकडे होते, ब्रँडचा इतिहास होता. मलपृष्ठावर आपले नाव चिकटवणाऱ्या बायकांचा उल्लेख असलाच तर एका संख्येच्या रूपात.

असो. वहिनींनी हे काम सात-आठ वर्षे केले आणि मग स्वतःहून सोडले. त्यातून फार पैसा मिळाला असे नाही. या व्यवसायाची जी सोनेरी चित्रे सभांमध्ये रंगवली जात, ती आमच्या घरात कोणी पाहिली नाहीत. या लेखात मी त्यांचे नाव लिहिलेले नाही. मी विचारले होते. कोण वाचणार, असे त्यांनी विचारले. मराठीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक, मी म्हटले. त्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ते काही ऑर्डर देणार नाहीत. मग नाव कशाला?”

नाव कुठे द्यायचे आणि कुठे नाही, याचा निर्णय ज्याचे नाव आहे त्याने करायचा, हे तत्त्व मला कुठल्याही समीक्षाग्रंथात इतक्या सरळ शब्दांत मिळाले नव्हते. वर्गात श्रेयपृष्ठ वाचून घेताना आता मी एक प्रश्न वाढवला आहे: या पानावर कोणाचे नाव आहे हे तर पाहाच, पण ते तिथे असावे हे कोणी ठरवले, तेही विचारा.