अनशापोटीची कॅप्सूल

ह्यांना स्टेंट बसवून घरी आणले, तेव्हा सोबत गोळ्यांची लांबलचक यादी होती: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची. मी त्या वारांच्या डबीत भरून ठेवी. ओमेप्राझोलची कॅप्सूल मात्र डबीबाहेरच राहिली, चहासाखरेच्या डब्यांशेजारी. आम्लपित्तासाठी ती हे कित्येक वर्षे सकाळी अनशापोटी घेत आले होते. रुग्णालयात "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले, तेव्हा ती आम्हा दोघांनाही आठवली नाही. लपवायचे काहीच नव्हते. तिला आम्ही औषध मानीतच नव्हतो.

महिन्याभराने फेरतपासणीला जाताना ती पट्टीही सहज पिशवीत टाकली. डॉक्टरांनी ती उलटसुलट पाहिली आणि त्यांची मुद्रा गंभीर झाली.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील एक विकर तिला कार्यक्षम करते. मग ती रक्तातील बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेटना, एकमेकींना चिकटू देत नाही. ("रक्त पातळ होते" हा केवळ आपला बोलण्यातला प्रयोग.) ओमेप्राझोल नेमके त्याच विकराला अडवते, एसोमेप्राझोलही. ही जोडी टाळावी, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये दिली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र ती एकत्र घेणाऱ्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही. तरीही पर्याय हाताशी असता जोखीम कशाला, असे डॉक्टरांचे म्हणणे. मला ते पटले.

"एक सकाळी, दुसरी रात्री दिली तर?" मी विचारले.

"वेळा बदलून हा प्रश्न सुटत नाही."

"मग पित्ताची बंदच करू?"

"मुळीच नको!" अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना, त्यातून ह्यांच्या वयात, पोटात रक्तस्राव होण्याचे भय असते, जठराला संरक्षण हवेच. त्यांनी पँटोप्राझोल लिहून दिले, कारण ते त्या विकराच्या वाटेला फारसे जात नाही. आणि क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, असे दोनदा बजावले.

त्या रात्री मी नवी यादी लिहायला बसले. घरात जे जे पोटात जाते ते सारे सांगा, म्हटल्यावर हे जरा घुटमळले आणि जेवणानंतरच्या एका चूर्णाचे नाव त्यांनी हळूच घेतले. बाटली पुस्तकांच्या कपाटात होती.