मैदानावरचा हिशेब

आमच्या आदिलाबादला विमानतळ आहे, पण विमान नाही, ही थट्टा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. निजामाच्या अमदानीत आखलेली ही धावपट्टी. निजाम गेला, आंध्र प्रदेश झाला, त्यातून तेलंगण निघाले. पैनगंगेपलीकडच्या आमच्या सोयऱ्यांशी असलेला रोटी-बेटीचा व्यवहार जसा चालू राहिला, तसे हे मैदानही राहिले. त्यावर गावाने गुरे चारली, पोरांनी क्रिकेट खेळून घेतले आणि माझ्यासारखी सेवानिवृत्त माणसे तेथे पहाटे पाय मोकळे करू लागली. जमीन मात्र वायुदलाची. 2025 च्या एप्रिलमध्ये वायुदलाने येथे नागरी विमानांना मुभा देण्याचे मान्य केले आणि स्वतःचे प्रशिक्षण केंद्र काढण्याचा मानसही कळविला, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. पेढे आम्ही पूर्वीही एकदोनदा वाटलेले आहेत. असो.

याच मैदानावर गेल्या वर्षापासून माझी नात मनू माझ्यासोबत येऊ लागली. मी चालतो, ती धावते. मला वाटले, पोरीला व्यायामाची गोडी लागली आहे. एके दिवशी घाम पुसत ती म्हणाली, "आबा, मी वायुदलाच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. उड्डाण शाखेचा. आजीला तुम्ही सांगा."

बत्तीस वर्षे मी गणित शिकविले. त्या शाखेसाठी बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान लागते, आणि मनूचे दोन्ही विषय मीच घरी पक्के करून घेतले होते. म्हणजे गुन्ह्यात माझा हात होताच.

आजीने सारे ऐकून घेतले, रडली-ओरडली नाही. देवघराखालच्या पेटीतून तिने एक पिवळे पडलेले कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. 17 सप्टेंबर 2001 च्या रात्री राजस्थानातील सुरतगढहून उडालेले मिग-21 काही क्षणांतच कोसळले आणि त्यात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील कॅप्टन अनिल गाडगीळ यांनी पुढे कित्येक वर्षे एकच प्रश्न लावून धरला, की आमची मुले ज्या विमानांत बसतात ती कशी आहेत आणि त्यांना शिकविले कसे जाते. मुलाच्या नावे त्यांनी उड्डाणसुरक्षेसाठी प्रतिष्ठानही काढले. ते कात्रण चोवीस वर्षे आमच्या घरात होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

"तुम्ही गणिताचे मास्तर," आजी म्हणाली. "हे लोक विमाने पाहून घेतात की नाही, तेवढा हिशेब मला करून द्या. मग मी मनूला हो म्हणायचे की नाही ते बघेन."

मी हिशेबाला बसलो. वाचत गेलो, तेव्हा पहिले नवल हे हाती लागले की विमानखरेदी आमच्या मुलखाला अजिबात नवी नाही. पहिल्या महायुद्धात निजामाने इंग्रजांना अख्खे पथकच भेट दिले होते. 110 क्रमांकाचे ते पथक पुढे 'हैदराबाद पथक' म्हणूनच ओळखले गेले. 1918 च्या सप्टेंबरात ते फ्रान्समधून जर्मनीवर बॉम्बफेक करू लागले. विमाने होती डीएच-9ए, त्या काळची अगदी अद्ययावत. आमच्या आजोबांच्या शेतसाऱ्यातला एखादा हाली रुपया त्यांत गेला असेलही, कोण जाणे. त्यांपैकी 'हैदराबाद नंबर 12ए' हे नाव रंगविलेले एक विमान जर्मनांच्या हाती सापडले, बर्लिनच्या संग्रहालयात राहिले, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडात गेले आणि 1977 मध्ये इंग्लंडात परतले. आज ते लंडनच्या वायुदल संग्रहालयात आहे. पण माझी पेन्सिल थांबली ती दुसऱ्याच आकड्यापाशी. युद्ध संपेपर्यंतच्या त्या थोड्या आठवड्यांत या पथकाने मोहिमांवर 17 विमाने गमावली, आणि अपघातांत मोडली 28. शत्रूपेक्षा अपघातच भारी.

हाच आकडा आपल्या देशात किती? 2012 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते, की घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत गेली आणि त्यांत 171 वैमानिक दगावले. निम्म्याहून अधिक! हे वाचून मी वही मिटली आणि त्या रात्री आजीला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नाशिकला माझ्या आतेभावाला फोन लावला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला. 1964 पासूनची ती गोष्ट. आतेभाऊ तेथे फिटर म्हणून लागला आणि मिग-21 च्या जुळणीवरच त्याची उमेद गेली. आता ऐंशीच्या घरात आहे. अपघाताची बातमी आली, की तो वर्तमानपत्रात विमानाचा क्रमांक शोधायचा, आणि क्रमांक छापलेला नसला, की त्याला हायसे वाटायचे. हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगढला मिग-21 ला निरोप दिला गेला, तो सोहळा त्याने दूरचित्रवाणीवर उभ्याने पाहिला म्हणे.

"विमान द्वाड होते, खोटे नव्हते," तो म्हणाला. "तू तिकडचा, शंकरपट पाहिलेला माणूस. ज्याने कधी बैलगाडीचा कासरा धरला नाही, त्या पोराच्या हाती कोणी पटाची जोडी देईल का?"

माझ्या हिशेबाचा धागा मला येथे सापडला. मिग-21 हे आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान, आणि जमिनीवर टेकतानाही ते ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असे. आमची मुले शिकत 'किरण'सारख्या मंद जेटवर, आणि तेथून थोड्याच अवधीत मिगवर जात. मिगचे दोन आसनांचे शिक्षणविमान होते, पण तेही मिगच. मधले एक विमान पाहिजे, असे 1982 मध्येच एका अधिकृत समितीने सांगितले होते. करार झाला 2004 च्या मार्चमध्ये, 66 ब्रिटिश 'हॉक' विमानांचा. ती आमच्या शेजारी बीदरच्या तळावर रीतसर दाखल झाली 2008 च्या फेब्रुवारीत. समितीने सांगितले त्या वर्षी जन्मलेली मुले माझ्या वर्गात आली, दहावी झाली, पदवीधर झाली, तेव्हा करारावर सही झाली! किंमत, घासाघीस, पूर्वीच्या तोफखरेदीच्या वादाने धास्तावलेले अधिकारी, ही सारी कारणे मी वाचली. कारणे खोटी नाहीत. पण लढाऊ विमान येते तेव्हा फोटो निघतात. शिकविण्याच्या विमानाचे कौतुक कोणाला? ते घेण्याचे पुढे ढकलले, तर दुसऱ्या दिवशी काही बिघडलेले दिसत नाही.

ज्या विमानावर पहिला धडा गिरवायचा, त्याचीही हीच कथा. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत मुले एचपीटी-32 या देशी विमानावर शिकत. इंजिन हवेतच बंद पडण्याची त्याची जुनी खोड होती, आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, म्हणजे इजेक्शन सीट, त्याला नव्हती. 2009 च्या जुलैअखेरीस मेदक जिल्ह्यात असे एक विमान पडून आतले दोघेही गेले, आणि मग ती सारी विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षे नवशिक्यांना थेट किरणवर बसवावे लागले आणि त्यांचे सुरुवातीचे तास कमी झाले. 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या 75 पिलाटस विमानांचा करार झाला, आणि वर्षभराच्या आत ती दुंडिगलला येऊ लागलीसुद्धा. म्हणजे मनात आणले, तर होते.

आता मास्तरकीची एक त्रैराशिक मांडतो, वाचकांनी रागावू नये. ती 75 पिलाटस विमाने सुमारे 2,900 कोटींची, म्हणजे एक जवळपास 39 कोटींना. 2016 च्या करारातील 36 राफेल सुमारे 59,000 कोटींची, म्हणजे एक सोळाशे कोटींच्या वर. राफेलच्या किमतीत शस्त्रे, सुटे भाग, तळावरची व्यवस्था असे पुष्कळ येते, आणि दोन्ही करारांचे साल वेगळे, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही एका राफेलच्या पैशात शिकण्याची चाळीस विमाने होतात. स्वस्त तेच आपण टाळत आलो.

राफेल घेऊ नयेत, असे मात्र माझे म्हणणे नाही. मनूने मला समजावून सांगितले, की आताचे हवाई युद्ध डोळ्यांना दिसत नाही. शंभर किलोमीटरपलीकडच्या विमानावर येथूनच क्षेपणास्त्र सुटते. टेहळणीचे विमान दुरून पाहते आणि लढाऊ विमानाला कळविते. इंधन हवेतच भरले जाते. जमिनीवर एस-400 सारखी यंत्रणा आकाश राखते. 2025 च्या मे महिन्यातील चार दिवसांत भारत आणि पाकिस्तान यांची विमाने समोरासमोर न येताच लढली. अशा लढाईला उत्तम विमाने हवीत आणि पुरेशीही हवीत. वायुदलाला मंजूर पथके 42 आहेत, आणि मिग-21 गेल्यावर उरली 29. एकशे सव्वीस विमानांसाठी 2007 मध्ये निविदा निघाली, शेवटी छत्तीस घेतली, आणि त्यातली पहिली पाच 2020 च्या जुलैत अंबाल्यास उतरली. तेजसचेही तसेच. 2021 मध्ये 83 मागविली. पहिले विमान 2024 च्या मार्चअखेर यावयाचे, ती तारीख टळली. सांगाडा आपला, पण इंजिन अमेरिकेचे, आणि इंजिनेच वेळेवर येईनात.

हे मी आजीला वाचून दाखविले. तिने भाजी निवडता निवडता ऐकले.

"गाय घेताना दात पाहतात, कास पाहतात," ती म्हणाली, "पण शहाणा माणूस आधी वैरण कोठून आणायची ते ठरवतो. यांच्या वैरणीचे काय?"

मी अवाक् झालो. सोव्हिएत संघ 1991 मध्ये फुटल्यावर मिगच्या सुट्या भागांसाठी आपली जी ओढाताण झाली, तिच्यावर मी चार पाने टिपणे काढली होती. या बाईने ती एका वाक्यात संपविली.

मग मी तिला चांगल्या गोष्टीही सांगितल्या. 2025 च्या सप्टेंबरात आणखी 97 तेजस मागविली, त्यांत 29 दोन आसनांची आहेत. 2021 च्या मागणीत अशी दहाच होती. एचटीटी-40 हे शिकण्याचे देशी विमान 2023 मध्ये सत्तर मागविले. ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरहून तेथे बांधलेले पहिले तेजस उडाले, आणि त्याच दिवशी तेथे एचटीटी-40 च्या दुसऱ्या जुळणीमार्गाचेही उद्घाटन झाले. ज्या गावाने मिग बांधले, तेच आता शिकण्याचे विमानही बांधणार. आतेभावाला त्या दिवशी काय वाटले, ते त्याने सांगितले नाही. पेढे मात्र पाठविले.

एक गोष्ट सांगू की नको, असे दोन दिवस मनात घोळत होते. शेवटी सांगितली. 4 डिसेंबर 2023 रोजी दुंडिगलहून उडालेले एक पिलाटस मेदक जिल्ह्यातच तूप्रानजवळ पडले, आणि शिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. चांगले विमान, खुर्चीही होती. हिशेबातले हे कलम मला कोठे मांडावे ते कळले नाही, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून ठेवले आहे. आजीने ते पान बराच वेळ उघडे ठेवले होते.

तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते कात्रण परत पेटीत ठेवले.

लेखी परीक्षा झाली, निकाल लागला. मुलाखतीसाठी मैसूरच्या निवड मंडळाचे बोलावणे आले. रात्रीच्या गाडीने हैदराबादेस जावयाचे, तेथून पुढे. निघण्याच्या दिवशी सकाळी मी मैदानावरून परतलो, तो स्वयंपाकघरातून दशम्यांचा वास येत होता. गूळ घातलेल्या, प्रवासाच्या. मनू डबा भरीत होती आणि आजी तव्यापाशी बसल्या बसल्या तिची परीक्षा घेत होती. ती परीक्षा मंडळाच्या परीक्षेहून सोपी नसावी.

"पहिल्यांदा बसवतील ते विमान कोणते?"

"पिलाटस, आजी. किंवा ते नवे, नाशिकचे."

"त्याला ती खुर्ची आहे?"

"दोन्हींना आहे."

आजीने दशमी उलटली. "आणि ती ओढायची केव्हा, हे शिकवतात ना?"

मनूने डब्याचे झाकण लावले. "सगळ्यात आधी तेच शिकवतात," ती म्हणाली. हे खरे होते की आजीची समजूत काढणे होते, ते तिने मला अजून सांगितलेले नाही.