वळिवड्याच्या बराकी आणि शाळेचं एक जादा वर्ष

एक वर्ष. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमधल्या ज्या कुटुंबांना घरदार सोडून जावं लागलं, त्यांची आजची पिढी इतर पोलिश माणसांपेक्षा सरासरी एक वर्ष जास्त शिकलेली आहे. हे वाचलं आणि पुढचं काही सुचेनाच. युद्ध संपून सत्तर वर्षं होऊन गेली, ज्यांनी घर सोडलं ते बहुतेक आज हयात नाहीत, आणि तरी त्या स्थलांतराची खूण त्यांच्या नातवंडांच्या प्रगतिपुस्तकात सापडते! विस्थापन म्हणजे निर्वासितांच्या छावण्या, रांगा आणि आकडे, एवढंच मी आजवर वाचत आले होते. त्याचा असाही अभ्यास करणारी माणसं जगात आहेत, हे माझ्यासाठी अगदी नवं होतं, आणि गेले काही दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

मी इथवर पोचले ती वळिवड्यामुळे. कोल्हापूरकरांना लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की गांधीनगर आठवतं. पण ज्या जागी आज ही कापडाची पेठ आहे, तिथे 1943 ते 1948 या काळात वळिवडे कॅम्प होता आणि त्यात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. पुरुष सैन्यात गेलेले, त्यामुळे कॅम्पात मुख्यतः बायका आणि मुलं. 1940 साली सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. पुढच्याच वर्षी हिटलरने रशियावर चाल केली, सगळी समीकरणं फिरली आणि ही माणसं सुटली. मग कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, आणि तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी न्यूझीलंडला, कुणी जामनगरजवळच्या बालाचडीला, तर कुणी थेट आपल्या पंचगंगेच्या काठी. बराकींच्या त्या वस्तीत त्यांनी चर्च उभारलं, नाटकं केली आणि शाळा चालवल्या, प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही. उद्या कुठे जायचं आहे याचा पत्ता नाही, देश नकाशावर राहील की नाही हे ठाऊक नाही, पण पोरांची परीक्षा वेळेवर झाली पाहिजे!

ही माणसं मूळची कुठली, हे शोधायला गेले तर बहुतेकांचं उत्तर एकच निघालं: क्रेसी. म्हणजे पोलंडचा जुना पूर्वेकडचा पट्टा, जो आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया यांच्यात वाटला गेला आहे. युद्ध संपलं तेव्हा त्यांना परतायला गावच उरलं नव्हतं, कारण तोवर पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकली होती. पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, पश्चिमेला जर्मनीचा मुलूख पोलंडला मिळाला. तिथल्या जर्मनांना हाकलण्यात आलं आणि क्रेसीतल्या वीस लाखांच्या आसपास पोलिश माणसांपैकी बहुतेकांना तिथे आणून वसवलं गेलं. वळिवड्यातली मंडळी पुढे अनेक देशांत पांगली, त्यांची कहाणी वेगळी. पण त्यांच्या मागे राहिलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पश्चिम पोलंडमध्ये जे झालं, त्यावर पाच अर्थतज्ज्ञांनी काम केलं: साशा बेकर, इरेना ग्रॉसफेल्ड, पॉलिन ग्रॉसजीन, निको फॉइग्टलेंडर आणि एकातेरिना झुराव्स्काया. 2020 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये त्यांचा निबंध आला.

त्यांनी हे शोधलं कसं, ते तर निष्कर्षाहूनही थक्क करणारं आहे. सर्वेक्षणात त्यांनी लोकांना विचारलं, युद्धाआधी तुमचे पूर्वज कुठे राहत होते? एवढाच साधा प्रश्न, पण अख्खा अभ्यास त्यावर उभा आहे. शंका तर लगेच मनात येतातच. क्रेसीतले लोक मुळातच जास्त शिकलेले असतील का? नव्हते. युद्धापूर्वी तो भाग शिक्षणात पुढे नव्हता, उलट थोडा मागेच होता. हुशार तेवढेच निघून आले असतील का? तेही नाही, कारण पोलिश लोकांपैकी बहुतेकांना जावंच लागलं. नवा मुलूखच शिक्षणाला सोयीचा असेल का? मग त्याच पश्चिम भागात मध्य पोलंडमधून आपखुशीने येऊन राहिलेल्यांशी त्यांनी तुलना केली. क्रेसीवाल्यांची आघाडी तिथेही दिसली. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. नवी सीमा ज्या रेषेच्या आधाराने आखली गेली, तिच्या अगदी लगतची कुटुंबं त्यांनी घेतली, काही अलीकडची आणि काही पलीकडची. भाषा तीच, धर्म तोच, हवापाणी तेच. एकाचं घर रेषेच्या पूर्वेला होतं म्हणून गेलं, दुसऱ्याचं पश्चिमेला होतं म्हणून राहिलं. आणि शिक्षणातला फरक तिथेही सापडला.

ती रेषा म्हणजे कर्झन रेषा. हो, तोच लॉर्ड कर्झन, 1905 साली बंगालची फाळणी करणारा आपला व्हाइसरॉय! पुढे तो ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री असताना, 1920 साली या रेषेला त्याचं नाव चिकटलं. एकाच माणसाचं नाव दोन खंडांतल्या तुटलेल्या गावांशी जोडलेलं बघून अंगावर काटा आला.

मग हे जादा वर्ष आलं कुठून? अभ्यासकांचं उत्तर असं की माणसांचं मनच बदललं. जमीन जाते, घर जातं, कपाट, भांडी, गाईगुरं सगळं मागे राहतं, हे एकदा डोळ्यांदेखत घडलं की आईबाप पोरांच्या डोक्यात जे घालता येईल त्यावर पैसा लावतात. पुराव्यादाखल त्यांनी दाखवलं की क्रेसीच्या वंशजांकडे ऐपत असूनही वस्तू तुलनेने कमी असतात आणि मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या त्यांच्या अपेक्षा मात्र इतरांहून मोठ्या असतात. असं पूर्वीपासून ज्यूंबद्दल बोललं जायचं, पण तिथे धर्म, धर्मग्रंथ वाचण्याची परंपरा आणि अल्पसंख्य असणं हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं होतं की यातला विस्थापनाचा वाटा वेगळा काढता येत नव्हता. क्रेसीत तो काढता आला.

तिथून पुढे मी वाचतच गेले. फिनलंडला युद्धात कारेलियाचा मुलूख गमवावा लागला. चार लाखांहून अधिक माणसं, म्हणजे देशातला दर नववा-दहावा माणूस, उठून आली. 1945 च्या कायद्याने शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली आणि तरीही त्यांच्यातले पुष्कळजण शेती सोडून इतर धंद्यांत गेले. काही दशकांनी पाहिलं तर त्यांचं उत्पन्न जागचे न हललेल्या त्यांच्यासारख्याच शेतकऱ्यांपेक्षा जास्त होतं. आइसलंडमधल्या हेइमाए बेटावर 23 जानेवारी 1973 च्या रात्री जमीन फाटून ज्वालामुखी उसळला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी नेमक्या बंदरातच होत्या म्हणून पाच हजारांवर माणसं रातोरात सुखरूप निघाली. जवळपास एक तृतीयांश घरं गेली. कुणाचं घर लाव्ह्याखाली जाईल आणि कुणाचं वाचेल, हे कुणाच्याच हाती नव्हतं. म्हणून या दोन गटांची तुलना करता आली. पंचवीस वर्षांच्या आतल्या ज्या तरुणांना त्यामुळे बेट सोडावं लागलं, ते पुढे जास्त शिकले आणि खूप जास्त कमावू लागले. त्यांच्या आईबापांच्या वाट्याला मात्र हा फायदा आला नाही, स्थलांतराची झळ प्रामुख्याने त्यांनीच सोसली.

हा शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. ‘विस्थापनाने भलंच होतं’ असा अर्थ यातून कुणी काढला तर मी त्याच्याशी कडाडून भांडेन. किंमत एका पिढीने मोजली आणि फळ दुसरीला मिळालं, हेच तर हा अभ्यास दाखवतो. शिवाय ही सगळी आपल्याच देशात, आपल्याच भाषेत, मतदानाच्या हक्कासकट सामावून घेतलेली माणसं होती. फिनलंडने जमीन दिली, आइसलंडने घरांची भरपाई दिली. वर्षानुवर्षं तंबूत ठेवलेल्या, काम करायला बंदी असलेल्या निर्वासिताला हे गणित कसं लागू पडेल? आणि भारताच्या फाळणीच्या काळात जे वाटेतच गेले, त्यांच्या नातवंडांची गणना तर होऊच शकत नाही. प्रशांत भारद्वाज, आसिम ख्वाजा आणि आतिफ मियाँ यांनी 1931 आणि 1951 च्या जनगणना समोरासमोर मांडल्या, तेव्हा सुमारे 1 कोटी 45 लाख माणसं सीमेपलीकडे पोचलेली दिसली, पण तब्बल 34 लाखांचा हिशेब लागेना.

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि कॅम्पाचं गांधीनगर झालं. एकाच वस्तीत, पाठोपाठ, दोन देशांतली उखडलेली माणसं! सिंध्यांनी इथे आल्यावर व्यापार धरला. शेतजमीन, हवेली मागे राहिली तरी धंद्याची जाण, नात्यागोत्यांतली पत आणि उधारीवर माल उचलण्याची हिंमत तर सोबत येतेच. मग त्यांच्या घरांत सोबत नेता येईल अशा गोष्टीचा हा ओढा पदवीकडे गेला की दुकानाकडे? आणि आपल्याकडचे धरणग्रस्त? कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा साताऱ्याच्या डोंगरातली माणसं रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत विखुरली. ज्यांना जमीन मिळाली त्यांची मुलं शेतीत राहिली की फिनलंडसारखी बाहेर पडली? धरणाच्या फुगवट्याची रेषाही कुणाचं शिवार बुडवते आणि लगतच्या वाडीतल्या कुणाचं सोडते. तुलना करायला दोन्हीकडची घरं आहेत, आणि 1960 च्या आसपास जी दहा-बारा वर्षांची होती, अशी माणसं अजून हयात आहेत. ‘धरणाआधी तुमचं घर कुठे होतं आणि नातवंडं कितवीपर्यंत शिकली?’ एवढं विचारायला एक वही आणि एसटीचं तिकीट पुरे. मी पाटण तालुक्यातल्या ओळखीच्यांना फोन करायला सुरुवात केली आहे.