तुम्हांला काही विचारायचे आहे?

मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द. जुन्या कागदपत्रांत सरदारांच्या मुलाखती होत, म्हणजे ते एकमेकांना भेटत. आज संगणकाच्या कंपनीत नोकरी मागायला जाणाऱ्याची होते तीही मुलाखतच. पण तिच्यात भेट नेमकी कोठे असते, हे पंचवीसएक वर्षे या धंद्यात काढूनही मला सांगता येणार नाही.

कुणी तिला मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाची उपमा देतात. ती पुरी पडत नाही. तिथे निदान पोहे मिळतात, आणि एका घरचा कार्यक्रम एका बैठकीत आटोपतो. इथे आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग कोड लिहून दाखवण्याच्या दोन-तीन फेऱ्या, मग एखादी अवाढव्य यंत्रणा कशी उभाराल याची फेरी, आणि सगळ्यांत शेवटी गोड आवाजात पगाराची अपेक्षा विचारणाऱ्या बाईंची फेरी. इतके होऊन नकार आला तर कारण कुणी सांगत नाही. एवढ्यापुरती मात्र उपमा चपखल बसते.

माझी पहिली मुलाखत १९९८ साली पुण्यात झाली. जगाला तेव्हा २००० सालची धास्ती पडली होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे शून्य-शून्य म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळणार नव्हते. ते निस्तरायला माणसे हवी होती, म्हणून आमच्यासारख्या नवख्यांनाही बोलावणी येत. आईने हातावर दही-साखर घातली आणि मी निघाले. समोर तीन गृहस्थ. पहिल्यांनी आगगाडी आणि पुलाचे गणित घातले. दुसऱ्यांनी सी भाषेतल्या पॉइंटरवर चार प्रश्न विचारले. तिसरे चष्मा पुसत म्हणाले, "लग्नाचा काय विचार आहे?"

"पत्र आलं की ठरवू," मी म्हटले.

"कुणाचं पत्र?"

"आपलंच."

ते हसले नाहीत. पत्रही आले नाही. पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली. तिथे लग्नाचे कुणी विचारले नाही. ते काम आईने सांभाळले.

मग कोड्यांची साथ आली. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे ही कोडी फार गाजली. रस्त्यावरच्या गटाराचे झाकण गोल का असते, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न. गोल झाकण कसेही फिरवले तरी आत पडत नाही, हे उत्तर. आमच्या पेठेत राहणाऱ्या माणसाला मात्र झाकणाचा आकार हा प्रश्नच पडत नाही. झाकण कुठे आहे, हा पडतो. पुढे २०१३ साली गूगलच्या नोकरभरतीचे प्रमुख लास्लो बॉक यांनी मोकळेपणाने सांगून टाकले की, या कोड्यांवरून उमेदवाराविषयी काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान तेवढे मिळते. मला हे गृहस्थ आवडले.

कोडी गेली, पण त्यांच्या जागी जे आले ते सोपे नव्हते. एक उदाहरण सांगते; घरातल्या शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. शब्दकोशात एखादा शब्द आपण पहिल्या पानापासून शोधत नाही. मधेच उघडतो, शब्द पुढे की मागे ते पाहतो, आणि अर्धी पाने सोडून देतो. उरलेल्याचे पुन्हा अर्धे. असे करीत गेले तर दहा लाख नावांच्या क्रमवार यादीतून हवे ते नाव जास्तीत जास्त वीस वेळा डोकावून सापडते. याला बायनरी सर्च म्हणतात. मुलाखतीत हे वीस-पंचवीस मिनिटांत लिहून दाखवायचे असते.

आता या सोप्या गोष्टीचा इतिहास पाहा. तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले १९४६ साली. कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारी पद्धत छापून यायला त्यानंतर दहा-पंधरा वर्षे लागली. एवढ्यावर भागले नाही. २००६ साली जोशुआ ब्लॉक या नामांकित प्रोग्रॅमरने जाहीर केले की, जावा भाषेच्या भांडारात त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक जवळजवळ नऊ वर्षे दडून बसली होती. मधले पान काढायला दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागत. पण यादी प्रचंड असली की ती बेरीज २१४७४८३६४७ या मर्यादेपलीकडे जाई आणि यंत्र तिला उणे समजे. जगभरच्या जाणत्यांच्या नजरेतून जे नऊ वर्षे निसटले, ते आम्ही बावीस वर्षांच्या पोरांना घड्याळ लावून विचारतो.

गेली काही वर्षे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. टेबलही आता राहिले नाही म्हणा. २०२० नंतर पुष्कळशा मुलाखती पडद्यावरच होतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा समोर आला. लातूरकडचा. मित्राच्या खोलीत बसला होता. मागे दोरीवर टॉवेल वाळत होते. मी हाच प्रश्न घातला. त्याने इंग्रजीत एक वाक्य सुरू केले, ते अडकले, दुसरे सुरू केले, तेही अडकले. मग तो गप्प झाला. पडद्यावरची शांतता फार वाईट असते. समोरच्याला पाण्याचा पेलाही पुढे करता येत नाही.

"मराठीत सांग," मी म्हटले.

"चालेल, मॅडम?"

"मला चालेल."

मग त्याने आधी मलाच विचारले, "यादी किती मोठी धरायची? कारण लई मोठी असली तर दोन टोकांची बेरीज मावायची नाही. मी आधी वजाबाकी करतो, तिचं अर्धं खालच्या टोकात मिळवतो." आणि बोलत बोलत त्याने सहा-सात ओळी लिहिल्या. त्या बरोबर होत्या. उरलेल्या वेळात आम्ही बोललो. त्याच्या कॉलेजात वीज किती वेळा जाते, हेही मला त्या दिवशी कळले.

मी त्याच्यासाठी चार ओळींची शिफारस लिहिली. पुढच्या फेरीतल्या गृहस्थांनी 'संवादकौशल्य' या रकान्यात सर्वांत खालची खूण केली. निर्णयाच्या बैठकीत मी भांडले. आमचे काम यंत्राशी बोलण्याचे आहे, आणि यंत्राला इंग्रजी उच्चारांशी कर्तव्य नाही, असेही म्हणाले. काम परदेशी गिऱ्हाइकांसमोर करायचे असते, असे मला शांतपणे सांगण्यात आले. तेही अगदीच खोटे नव्हते. त्याला ठरावीक दोन ओळींचे पत्र गेले.

उमेदवाराशी मागाहून पत्रव्यवहार करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आठ-दहा दिवसांनी त्याचा निरोप आला. माझा पत्ता त्याने कसा शोधला कोण जाणे. नोकरीविषयी त्यात चकार शब्द नव्हता. फक्त एवढेच : "मॅडम, ते उत्तर बरोबर होतं ना?"

मी लिहिले, "हो. बेरजेचं तर फारच कमी जणांच्या लक्षात येतं."